नाशिकच्या वेशीवरच्या नव्या लेआउटला पाणी आणि ड्रेनेज कसं पोहोचवायचं

आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी, विहितगाव या शिवारांत मळ्यांचे प्लॉट होत आहेत. महापालिकेच्या हद्दीत असणं वेगळं आणि पाण्याच्या लाइनवर असणं वेगळं, हे प्लॉट घेणाऱ्याला बहुतेक वेळा घर बांधून झाल्यावर कळतं. लेआउट मंजूर असतो, रस्ते डांबरी असतात, विजेचे खांब उभे असतात आणि तरी दारात टँकर येतो. असं का होतं आणि ते टाळायला कामाचा क्रम कसा लावायचा, ते इथे मांडलं आहे. लेआउट टाकणारे जमीनमालक, प्लॉटधारकांची संस्था आणि असं काम पहिल्यांदाच हातात आलेले कनिष्ठ अभियंते अशा तिघांनाही ते उपयोगी पडेल.

हिशेब समजावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: २० एकर म्हणजे साधारण ८ हेक्टर जमीन आणि १५० प्लॉट.

आधी ड्रेनेजची लेव्हल, मग बाकी सगळं

जवळपास सगळे पाण्यापासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. पाणी पंपाने चढवता येतं, पाइप मोठा करून ओढता येतं. मैलापाणी मात्र उतारानेच जातं आणि उतार जमिनीने ठरवलेला असतो. म्हणून नकाशावर रस्ते आखण्यापूर्वी पहिलं काम हे: लेआउटला सर्वांत जवळचा महापालिकेचा चालू ड्रेनेज चेंबर शोधा, झाकण उघडून त्याच्या तळाची, म्हणजे इन्व्हर्टची, लेव्हल घ्या. झाकणाच्या माथ्याची लेव्हल घेऊन 'खोली दीडेक मीटर असेल' असा अंदाज चालत नाही. स्टाफ, म्हणजे लेव्हल मोजायची आकड्यांची उभी पट्टी, तळाला टेकवूनच वाचायचा आणि तो वरूनच सोडायचा. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवून सफाई करून घेण्यावर २०१३च्या कायद्याने बंदीही आहे.

आता उतार. १५० मिमीच्या लाइनला १०० मीटरमागे किमान ६० सेंटीमीटर उतार द्या. १५० मीटरला १ मीटर दिला तर आणखी बरं. समजा चालू चेंबर ६०० मीटरवर आहे. १:१५० उताराने तिथपर्यंत लाइन ४ मीटर खाली जाते. सुरुवातीचा चेंबर १ मीटर खोल धरला आणि जमीन सपाट असली, तर शेवटी लाइन ५ मीटर खोल जाईल. नाशिकमध्ये ५ मीटर खोल म्हणजे मुरमाखालचा काळा पाषाण, ब्रेकर आणि दुप्पट-तिप्पट खर्च. आणि एवढं करूनही महापालिकेचा चेंबर अडीच मीटरच खोल असला तर जोडणी होणारच नाही.

अशा वेळी वाटा तीन. पहिली, लाइनचा मार्ग बदलून नैसर्गिक उताराने, शक्यतो नाल्याकाठच्या डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याने न्यायची. लांबी वाढते, खोली वाचते. दुसरी, लेआउटच्या सखल कोपऱ्यात संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, बांधून मैलापाणी पंपाने चढवायचं. तिसरी, स्वतःचा मलजलशुद्धीकरण प्रकल्प. आमचं स्पष्ट मत असं की, पहिली वाट अर्धी जरी शक्य दिसली तरी तिच्यामागे लागावं. पंपाचं वीजबिल आणि दुरुस्ती कोण भरणार, यावरून संस्थेत पुढे वर्षानुवर्षं भांडणं चालतात. पंप बंद पडला की मैला थेट नाल्यात जातो, आणि नाशिकमधला कुठलाही नाला शेवटी नासर्डी, वालदेवी किंवा गोदावरीलाच मिळतो.

पंपिंगचा संप घ्यायचाच झाला तर पूररेषा पाहून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विजेचं पॅनेल आणि मोटारी लाल रेषेच्या वर हव्यात. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

किती माणसं, किती पाणी

१५० प्लॉट म्हणजे १५० घरं नव्हेत, आणि बहुतेकांची मूळ चूक इथेच होते. तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर चार फ्लॅट सहज होतात, रुंद रस्ता आणि टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) असला तर आठही. आपण चार धरू: ६०० घरं, घरटी ५ माणसं, म्हणजे ३,००० वस्ती. माणशी दिवसाला १३५ लिटर म्हणजे ४ लाख ५ हजार लिटर. गळतीसाठी १५ टक्के वर धरले की साधारण ४ लाख ७० हजार लिटर.

आता पाइप किती व्यासाचा? उत्तर माणसांवर जितकं अवलंबून आहे, तितकंच पाणी रोज किती तास येतं यावर आहे. हेच पाणी २४ तास मिळत असेल तर गर्दीच्या वेळेचा प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरूनही सेकंदाला १६ लिटर होतो आणि १५० मिमीचा पाइप पुरतो. पण रोज दोनच तास पाणी सुटत असेल, तर सगळं पाणी त्या दोन तासांतच जायला हवं. म्हणजे सेकंदाला ६५ लिटर. तेच १५० मिमीतून ढकलायचं तर वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या वर जातो, जे शक्य नाही. २०० मिमीच्या डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे लोखंडी) पाइपमध्ये एक किलोमीटरला सुमारे १८ मीटर दाब, म्हणजे पाणी १८ मीटर उंच चढवेल एवढा दाब, घर्षणात संपतो. २५० मिमीमध्ये फक्त ६ मीटर. व्यासात ५० मिमीचा फरक आणि दाबात तिपटीचा!

हे प्रत्यक्षात काय करतं ते पाहा. जलकुंभाच्या पायथ्याची लेव्हल ६०० मीटर, टाकीचा तळ त्याच्या १५ मीटर वर म्हणजे ६१५, आणि लेआउटमधल्या शेवटच्या प्लॉटची जमीन ५९४. स्थिर दाब २१ मीटर. २५० मिमीच्या एक किलोमीटर लाइनने घर्षणाचं आणि बेंड-व्हॉल्व्हचं नुकसान वजा जाता १४ मीटर शिल्लक राहतात. दुमजली घराला १२ मीटर शिल्लक दाब लागतो, तो मिळाला. २०० मिमीने गेलात तर शिल्लक राहतो जेमतेम १ मीटर, म्हणजे पाणी फक्त अंडरग्राउंड टाकीत पडतं. मग एक जण थेट लाइनला मोटर लावतो, ते पाहून शेजारी लावतो, आणि शेवटच्या गल्लीतले नळ कोरडे पडतात. 'महापालिका पाणी सोडत नाही' अशा अनेक तक्रारींचं मूळ पाइपच्या व्यासात असतं.

पाणी नेमकं कुठून येणार

नाशिकचं बहुतेक पाणी गंगापूर धरणातून येतं. दारणेचं पाणी चेहेडीहून नाशिकरोडच्या बाजूला जातं, आणि मुकणे धरणातून थेट जलवाहिनीने विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. पाथर्डी, इंदिरानगरच्या बाजूच्या लेआउटसाठी विल्होळीकडून काय मिळतंय ते विचारा. पंचवटी-आडगावच्या बाजूला पंचवटी आणि निलगिरी बाग केंद्रं आहेत. पण 'केंद्र जवळ आहे' याला फारसा अर्थ नाही. विचारायचे प्रश्न तीनच: आपल्या भागाला पाणी देणारा जलकुंभ कोणता, तो रोज पूर्ण भरतो का, आणि सध्याच्या वस्तीला देऊन त्यात काही शिल्लक राहतं का. जलकुंभ भरत नसेल तर त्याच्यापुढे कितीही मोठा पाइप टाकला तरी उपयोग नाही. आपल्या उदाहरणासाठी दिवसाच्या मागणीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे दीड-पावणेदोन लाख लिटरचा साठा लागेल.

या प्रश्नांची उत्तरं विभागीय कार्यालयातल्या उपअभियंत्याकडे असतात. पण व्हॉल्व्हमनला भेटायला विसरू नका. कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी संपतं, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

लेआउट महापालिका हद्दीबाहेर असेल तर गोष्टच वेगळी. तिथे बांधकाम परवानगी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून मिळते, पण म्हणून नळ मिळत नाही. ग्रामपंचायतीची योजना किती क्षमतेची आहे ते पाहावं लागतं. 'लवकरच हद्दवाढ होणार' या भरवशावर प्लॉट घेऊ नये.

कागद

मोजणी नकाशा, सातबारा, डीपी रस्त्यांसह तात्पुरता मंजूर लेआउट, आणि त्यावर आखलेली पाण्याची व ड्रेनेजची लाइन, लेव्हलसकट. हा संच घेऊन पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागाकडे ना हरकत दाखल्यासाठी जा. अंतिम लेआउटपर्यंत थांबू नका. रस्त्यांची आखणी एकदा पक्की झाली की ड्रेनेजसाठी सखल कडेला वाट ठेवता येत नाही. सखल कोपरा प्लॉट म्हणून विकला जातो, आणि मग कुणाच्या तरी कंपाउंडमधून लाइन न्यायची वेळ येते.

लाइन रस्त्याखालून नेण्यासाठी खोदाईची परवानगी आणि रस्तादुरुस्तीचं शुल्क वेगळं. पावसाळ्यात खोदाई बंद असते, म्हणून काम मेअखेर आटपेल अशा बेताने दिवाळीच्या आधीच अर्ज टाका. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडायचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, गंगापूरचा डावा कालवा ओलांडायचा असेल तर जलसंपदा विभाग, नाशिकरोड-देवळालीकडे रूळ आडवे आले तर रेल्वे. प्रत्येकाची फाइल स्वतंत्र चालते आणि सर्वांत उशिरा सुटणारी फाइल कामाची तारीख ठरवते. महामार्गाखालून उघडा चर मिळत नाही, आडवं ड्रिलिंग करून केसिंग पाइप (ज्याच्या आतून आपली लाइन जाते तो बाहेरचा पाइप) टाकावा लागतो.

विजेचं थोडक्यात सांगायचं तर, ट्रान्स्फॉर्मरसाठी जागा लेआउटच्या नकाशातच राखा, ओपन स्पेसवर डोळा ठेवू नका. महावितरणचं काम स्वतः परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचं असेल तर १.३ टक्के देखरेख शुल्क भरून ते करता येतं.

चर, पाइप, जोड

पाण्याची लाइन रस्त्याच्या उंच बाजूला आणि ड्रेनेज सखल बाजूला घ्या. दोन्हींत ३ मीटर आडवं अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडतील तिथे पाण्याचा पाइप वर आणि किमान अर्धा मीटर अंतर. कंत्राटदार दोन्ही पाइप एकाच चरात टाकायला सुचवतात, खोदाई वाचते म्हणून. हे कधीच मान्य करू नका. नाशिकमध्ये बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच सुटतं. पाणी बंद झालं की रिकाम्या लाइनमध्ये पोकळी तयार होते आणि बारीकशा गळतीच्या जागेतूनही बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारी फुटकी ड्रेनेज असेल तर दुसऱ्या दिवशी नळाला तेच येतं.

पाइपच्या माथ्यावर किमान १ मीटर माती हवी. पाषाण लागला तर पाइपच्या तळाखाली १५ सेंटीमीटर जास्त खोदून तिथे वाळू किंवा बारीक मुरूम भरा. पाइप थेट दगडावर टेकला की वरून ट्रक गेल्यावर त्याच बिंदूवर तडकतो. मळ्यांच्या काळ्या मातीत उलटी अडचण: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देते आणि पाइपला वरखाली करते. अशा ठिकाणी खोदलेली काळी माती परत चरात भरू नका, मुरूम आणून १५-१५ सेंटीमीटरच्या थरात, पाणी मारून ठोका. दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूने फळ्यांचा आधार द्या आणि काढलेली माती काठापासून दीड मीटर लांब टाका. काठावरच्या मातीच्या ओझ्याने चर ढासळून मजूर गाडले जातात.

मुख्य लाइनला डीआय आणि अंतर्गत गल्ल्यांना ११० मिमी एचडीपीई (प्लास्टिकचा पाइप), हा मेळ आपल्याकडे चांगला बसतो. एचडीपीईचे जोड तापत्या प्लेटवर सुमारे २२० अंशांना लावतात. जोड होताना दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची गोल कड बाहेर आली पाहिजे. कड एकाच बाजूला असेल तर तो जोड कापून पुन्हा करायला सांगा. जोड थंड होण्याआधी पाइप ओढला की आत न दिसणारी चीर राहते.

डीआयच्या बेंडमागे काँक्रीटचा ठोकळा हवाच. चाचणीचा दाब ६ किलो प्रति चौरस सेंटीमीटर धरला, तरी २५० मिमीच्या काटकोनी बेंडवर बाहेरच्या दिशेने सुमारे ५ टनांचा जोर येतो. रबरी गॅस्केटचा जोड एवढा जोर धरू शकत नाही, तो सुटतो. ठोकळा ओल्या मातीला टेकवला तरी तोच परिणाम. त्याची पाठ न हललेल्या, मूळ मुरमाला किंवा पाषाणाला लागली पाहिजे. लाइनच्या उंच जागी हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ धुऊन काढायचा स्कोअर व्हॉल्व्ह बसवा. बंद टोकाच्या गल्लीत गाळ साचतो, म्हणून शक्य तिथे टोकं एकमेकांना जोडून वेटोळं करा.

ड्रेनेजचे चेंबर ३० मीटरच्या आत, शिवाय प्रत्येक वळणावर आणि व्यास बदलेल तिथे. १.६५ मीटर खोलीपर्यंत ९० सेंटीमीटर व्यासाचा चेंबर पुरतो, २.३ मीटरपर्यंत १२० आणि त्याखाली १५०. येणारी लाइन तळापासून ६० सेंटीमीटरपेक्षा वर येत असेल तर आतल्या आत पडणारा उभा पाइप द्या, नाहीतर पडत्या पाण्याने तळ उखडतो. वाहतुकीच्या रस्त्यावर झाकण एचडी-२० या जड वाहनांच्या दर्जाचंच घ्या. आपल्या उदाहरणात मैलापाणी दिवसाला सव्वातीन लाख लिटर होईल आणि गर्दीच्या वेळी सेकंदाला ११ लिटर. १:१५० उताराची १५० मिमीची लाइन पूर्ण भरून जेमतेम १२ लिटर वाहून नेते, म्हणून बाहेर जाणारी मुख्य लाइन २०० मिमीची घ्या.

पावसाचं पाणी

याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. गच्चीचे पाइप सोयीचं म्हणून ड्रेनेज चेंबरला जोडले जातात. ८ हेक्टरवर तासाला ५० मिमी पाऊस पडला आणि त्यातला ६० टक्केच वाहून आला, तरी सेकंदाला सुमारे ६६५ लिटर पाणी होतं. ड्रेनेज लाइन सोसते त्याच्या कितीतरी पट. परिणाम सखल घरांच्या संडासातून मैला वर येण्यात आणि पुढे चेंबरची झाकणं उचलली जाण्यात होतो. त्यामुळे पावसाळी गटार पूर्ण वेगळं, नाल्यापर्यंत. आणि ५०० चौरस मीटर किंवा जास्तीच्या प्लॉटला पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण सक्तीचं आहे, ते प्रत्यक्षात झालं का हे भोगवटा दाखल्याआधी बघा.

चाचणी आणि जोडणी

पाण्याची लाइन सखल टोकाकडून हळूहळू भरा, हवा पूर्ण जाऊ द्या, एक दिवस तशीच ठेवा आणि मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन दाबमापकाचा काटा खाली येतो का ते पाहा. जोड उघडे असतानाच चाचणी करायची, चर बुजवल्यावर नव्हे. ठेकेदार घाई करतो, पण डांबराखालची गळती शोधायला पुढे चार जागी रस्ता फोडावा लागतो.

नंतर निर्जंतुकीकरण. लिटरमागे किमान २५ मिलिग्रॅम क्लोरीन देऊन लाइन २४ तास भरून ठेवा. शेवटी १० मिलिग्रॅम तरी शिल्लक दिसायला हवं. २५० मिमीच्या एक किलोमीटर लाइनमध्ये ४९ हजार लिटर पाणी मावतं, त्याला ४ ते ५ किलो ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. जुनी, उघड्या पोत्यातली पावडर वापरू नका, तिच्यातलं क्लोरीन उडालेलं असतं. मग लाइन धुवा, नमुना तपासून घ्या आणि त्यानंतरच नळजोडण्या सुरू करा.

ड्रेनेजची परीक्षा सोपी: दोन चेंबरमध्ये एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला दिवा. पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ. शिवाय पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिमी लहान गुळगुळीत चेंडू वरच्या चेंबरमधून सोडा, तो अडखळला तर तिथे सिमेंट सांडलेलं आहे किंवा जोड सरकलेला आहे.

घराची नळजोडणी फेरूल आणि सॅडलवरून (मुख्य लाइनला बसवायचा जोड आणि तो धरणारा पट्टा), निळ्या एमडीपीई या प्लास्टिक पाइपने करा. जोडणीचा पाइप गटारातून किंवा चेंबरमधून कधीही नेऊ नका. गावठाणात आजही हे सर्रास दिसतं आणि पावसाळ्यातल्या काविळीच्या साथीचं ते एक मोठं कारण आहे.

पहिली दोन वर्षं

लेआउट लगेच भरत नाही. ३० घरंच राहायला आली असतील तर मैलापाणी दिवसाला १६ हजार लिटर. एवढ्याशा पाण्याने लाइन स्वतःहून साफ होत नाही, घन पदार्थ मागे राहतात, सुकतात आणि वर्षभरात तुंबतात. म्हणून सर्वांत वरच्या चेंबरमधून दर पंधरा दिवसांनी टँकरने पाणी सोडायची सोय संस्थेने करावी. रिकाम्या प्लॉटच्या जोडण्यांना टोपण घट्ट बसवा, बांधकामाची वाळू आणि सिमेंटचं पाणी तिथूनच आत जातं.

हस्तांतरणाच्या वेळी झालेल्या कामाचा नकाशा मागून घ्या. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि चेंबरची जागा दोन पक्क्या खुणांपासून, म्हणजे घराचा कोपरा, विजेचा खांब अशा, मीटरमध्ये लिहिलेली हवी. पुढच्या वेळी रस्त्याचं डांबरीकरण झालं की झाकणं डांबराखाली जातात आणि तुंबलेली लाइन उघडायला या नकाशाशिवाय दुसरा आधार नसतो. ठेकेदाराची दोष-दायित्वाची मुदत (ज्या काळात बिघाड त्यानेच दुरुस्त करायचा) संपण्याआधी एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मग चर कुठे खचले, कोणत्या चेंबरमध्ये पाणी साचलं ते लिहून काढा आणि दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घ्या.